समजून घ्या : चांदी नेमकी कुठून आली? उत्तर शोधणारे ‘किरणोत्सारी झोत’ बनवतात कसे, आणि त्या शर्यतीत भारत कुठे आहे?

होळीच्या आधी धडगावच्या भोंगऱ्या बाजारात गेलात, तर पहिली नजर जाते ती चांदीवर. गळ्यातल्या जाड साखळ्या, कमरेचा पट्टा, पायातली कडी. आजीकडून आईकडे, आईकडून लेकीकडे आलेले हे दागिने. बाजारात कुणालाही विचारा, चांदी कुठून आली? उत्तर मिळेल, ‘सोनाराकडून.’ सोनाराकडे कुठून? खाणीतून. आणि खाणीत?

इथे प्रश्न अवघड होतो. कारण त्या कड्यातला चांदीचा एकेक अणू पृथ्वीपेक्षा जुना आहे. तो पृथ्वीवर बनलेला नाही, आणि आपल्या सूर्यातही नाही. तो कसा बनला हे नीट सांगायचं, तर आज निसर्गात सापडतच नाहीत अशी काही अणुकेंद्रं आधी तयार करावी लागतात आणि सेकंदाच्या काही भागात मोजावी लागतात. त्यासाठी जगभरात जी यंत्रं उभी राहत आहेत, त्यांना किरणोत्सारी आयन झोतांची केंद्रं म्हणतात. कोलकात्यात असं एक केंद्र आधीपासून काम करतंय आणि त्याहून मोठ्या केंद्राची योजना आहे.

थोडक्यात

• निसर्गात टिकून राहिलेली अणुकेंद्रं जेमतेम २५० प्रकारची आहेत. सिद्धांतानुसार सुमारे ७००० प्रकार शक्य आहेत.
• उरलेली अल्पायुषी असतात. ती बनवून लगेच वापरावी लागतात, साठवता येत नाहीत.
• जपान, अमेरिका, कॅनडा आणि युरोपकडे यासाठीची मोठी यंत्रं आहेत.
• भारतात दिल्ली आणि कोलकाता इथे असे झोत मिळवले गेले आहेत. ‘अनुरिब’ हा पुढचा, मोठा टप्पा.

चांदी बनली कुठे?

शाळेत शिकलेलं आठवा. मूलद्रव्य कोणतं, हे अणुकेंद्रातल्या प्रोटॉनच्या संख्येवरून ठरतं. चांदीत ४७ प्रोटॉन, सोन्यात ७९. सोबत न्यूट्रॉन असतात, आणि त्यांची संख्या कमीजास्त होऊ शकते. एकाच मूलद्रव्याच्या अशा भावंडांना समस्थानिक म्हणतात.

ताऱ्यांच्या पोटात हायड्रोजनपासून हेलियम, मग कार्बन, ऑक्सिजन असं करत लोखंडापर्यंतची मूलद्रव्यं बनतात. लोखंडाच्या पुढे मात्र केंद्रं जोडून ऊर्जा मिळत नाही. पुढचा रस्ता वेगळा आहे. केंद्रकावर न्यूट्रॉनचा मारा होतो, ते फुगत जातं, आणि मग त्यातले काही न्यूट्रॉन प्रोटॉनमध्ये बदलतात. हे दोन गतींनी घडतं. एक गती संथ, म्हाताऱ्या ताऱ्यांमध्ये हजारो वर्षं चालणारी. दुसरी झपाट्याची, जिथे सेकंदाच्या आसपासच्या काळात केंद्रकावर डझनावारी न्यूट्रॉन आदळतात. चांदीचा मोठा हिस्सा आणि जवळपास सगळं सोनं या दुसऱ्या, झपाट्याच्या प्रक्रियेतून आलं असं मानलं जातं.

ही मांडणी १९५७ मधली. ती करणाऱ्या चौघांपैकी एक होते फ्रेड हॉईल, म्हणजे आपल्या जयंत नारळीकरांचे केंब्रिजमधले मार्गदर्शक. पण एवढे न्यूट्रॉन एकदम मिळतात कुठे, याचा पक्का पुरावा मिळायला साठ वर्षं लागली. १७ ऑगस्ट २०१७ रोजी दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीतून निघालेल्या गुरुत्वीय लहरी पकडल्या गेल्या. त्या टकरीच्या प्रकाशात जड मूलद्रव्यं ताजी बनत असल्याच्या खुणा दिसल्या.

अशा लहरी टिपणारी ‘लायगो-इंडिया’ प्रयोगशाळा आपल्याच राज्यात, हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ होत आहे. केंद्राने एप्रिल २०२३ मध्ये त्यासाठी २६०० कोटी रुपये मंजूर केले. लायगो सांगेल, टक्कर कधी झाली आणि साधारण कुठे. त्या टकरीत चांदी किती बनली, सोनं किती बनलं, हे लायगो सांगू शकत नाही. त्यासाठी वाटेत तयार झालेल्या अल्पायुषी केंद्रकांची माहिती हवी. त्यांचं वजन किती, ती किती वेळ टिकतात, फुटून त्यांचं काय होतं. ही मोजमापं पृथ्वीवरच्या प्रयोगशाळेतच होतात.

‘किरणोत्सारी आयनांचा झोत’ म्हणजे काय?

नाव मोठं आहे, फोड सोपी आहे. अणूतले एक-दोन किंवा जास्त इलेक्ट्रॉन काढून घेतले की उरतो तो विद्युतभारित अणू, म्हणजे आयन. भार असल्यामुळे त्याला विजेच्या जोरावर पळवता येतं आणि चुंबकाने वळवता येतं. असे असंख्य आयन एका दिशेने, एका वेगाने सोडले की झाला झोत. त्यांना पळवणारं यंत्र म्हणजे कणत्वरक, अर्थात अ‍ॅक्सिलरेटर.

नेहमीच्या कणत्वरकात कार्बन, ऑक्सिजन, लिथियम असे टिकाऊ अणू पळवतात. बाटलीतून वायू घ्या किंवा धातूचा तुकडा घ्या, आयन बनवा, पळवा. माल कधीच संपत नाही.

पण जे पळवायचं आहे तेच काही सेकंदांत किंवा मिलिसेकंदांत नष्ट होणार असेल तर? त्याची बाटली मिळत नाही. ते आधी अणुकेंद्री प्रक्रियेने बनवायचं, लाखो नको असलेल्या केंद्रकांमधून वेगळं करायचं, त्याचं आयन करायचं आणि मग पळवायचं. हे सगळं ते नष्ट होण्याआधी. म्हणून अशा केंद्रात बऱ्याचदा दोन कणत्वरक लागतात. एक बनवण्यासाठी, दुसरा बनलेलं पुढे पळवण्यासाठी.

हे झोत तयार कसे करतात?

दोन पद्धती आहेत.

पहिली, तापवून बाहेर काढण्याची. जाड लक्ष्यावर, उदाहरणार्थ युरेनियम कार्बाइडच्या चकत्यांवर, प्रोटॉन किंवा दुसऱ्या कणांचा मारा करतात. लक्ष्याच्या आत नवी केंद्रकं तयार होतात, पण तिथेच अडकून पडतात. म्हणून लक्ष्य २००० अंश सेल्सिअसच्या आसपास तापवतात. आत अडकलेले अणू उष्णतेने हळूहळू पृष्ठभागाकडे सरकतात, वाफेसारखे बाहेर पडतात, एका नळीतून आयन बनवणाऱ्या कक्षात जातात. तिथून चुंबकाकडे.

चुंबक काय करतो, हे खळ्यावर उपणणी पाहिलेल्या माणसाला वेगळं सांगायला नको. सुपातून धान्य वाऱ्यावर सोडलं की हलकं भूस लांब जातं आणि जड दाणा जवळ पडतो. इथे वाऱ्याच्या जागी चुंबकीय क्षेत्र असतं. सारख्याच भाराच्या आणि ऊर्जेच्या आयनांमधला हलका आयन जास्त वळतो, जड कमी वळतो. योग्य जागी फट ठेवली की हव्या त्या वजनाचेच आयन पुढे जातात. या पद्धतीने मिळणारा झोत स्वच्छ असतो. अडचण एकच, अणूला लक्ष्यातून बाहेर यायला वेळ लागतो. फार अल्पायुषी असेल तर तो वाटेतच संपतो.

दुसरी पद्धत उलटी आहे. जड आयनच प्रचंड वेगाने, प्रकाशाच्या निम्म्या किंवा त्याहून जास्त वेगाने, पातळ लक्ष्यावर सोडायचे. टकरीत त्यांचेच तुकडे होतात आणि ते त्याच वेगाने पुढे निघतात. अडकण्याचा प्रश्नच नाही. चुंबकांची लांबलचक रांग त्यातून हवा तो तुकडा निवडते. सेकंदाच्या दहा लाखाव्या भागात काम होतं. इथे झोत थोडा विस्कटलेला असतो, पण सगळ्यात अल्पायुषी केंद्रकंही हाती लागतात.

यातला कच्चा माल आपल्याला अगदी अनोळखी नाही. सारंगखेडा आणि प्रकाशावरून पुढे वाहणारी तापी उकाई ओलांडून काकरापारला पोहोचते. गुजरातच्या तापी जिल्ह्यातल्या त्या अणुवीज केंद्रात युरेनियमचं केंद्रक फुटतं, तेव्हा मिळणारे तुकडे न्यूट्रॉनने खच्चून भरलेले असतात. म्हणजे चांदी-सोन्याच्या वाटेवरच्या केंद्रकांचे सख्खे नातेवाईक. फरक एवढाच की अणुभट्टीत ते इंधनाच्या कांड्यांत बंद असतात आणि तिथेच विरतात. इथे त्यांना बाहेर काढून, निवडून, पळवून प्रयोगाला लावायचं असतं.

यातून आतापर्यंत मिळालं काय?

पहिला मोठा धक्का १९८५ मध्ये बसला. जपानी शास्त्रज्ञ इसाओ तानिहाता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत बर्कलीला लिथियम-११ या केंद्रकाचा आकार मोजला. लिथियम हे हलकं मूलद्रव्य. पण हे केंद्रक अपेक्षेपेक्षा कितीतरी मोठं निघालं. त्याचे शेवटचे दोन न्यूट्रॉन मुख्य केंद्रकापासून लांब, धुक्यासारखे पसरलेले होते. त्या धुक्यासह ते जवळपास शिशाच्या केंद्रकाएवढी जागा व्यापतं. आणि हे सगळं टिकतं किती? अर्धायुष्य सुमारे ९ मिलिसेकंद. पापणी लवते तेवढ्यात दहा वेळा निम्मं होऊन जाईल एवढं.

दुसरा धक्का ‘जादुई आकड्यां’ना. केंद्रकात २, ८, २०, २८, ५०, ८२ किंवा १२६ न्यूट्रॉन असले की ते विशेष स्थिर असतं, असं पाठ्यपुस्तकात आहे. याचं स्पष्टीकरण देणाऱ्या मारिया गोपर्ट-मायर आणि हान्स येन्सन यांना १९६३ चं नोबेल मिळालं. पण ऑक्सिजन-२४ सारख्या न्यूट्रॉनने भरलेल्या केंद्रकात १६ हाच आकडा जादुई ठरतो, असं या झोतांनी दाखवलं. म्हणजे नियम टिकाऊ केंद्रकांवरून बनवला होता, आणि सगळी केंद्रकं त्या नियमात बसत नाहीत.

तिसरा उपयोग औषधाचा. जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत आयसोल्डे हे केंद्र १९६७ पासून चालू आहे. तिथे ७० हून अधिक मूलद्रव्यांचे १३०० हून जास्त समस्थानिक मिळवता येतात. २०१७ पासून त्याच्याच शेजारी मेडिसिस हा विभाग सुरू झाला. आयसोल्डेचं लक्ष्य भेदून पुढे गेलेले प्रोटॉन वाया न घालवता त्यांच्यापासून वैद्यकीय संशोधनासाठी समस्थानिक बनवायचे, ही त्यामागची कल्पना. टर्बियम या मूलद्रव्यावर तिथे बरंच काम होतं, कारण त्याच्या चार समस्थानिकांपैकी काही कर्करोगाची गाठ दाखवू शकतात आणि काही ती जाळू शकतात. रासायनिकदृष्ट्या ते एकच, त्यामुळे शरीरात सारख्याच ठिकाणी पोहोचतात. हे काम अजून मुख्यतः संशोधनाच्या पातळीवर आहे.

जगात कोण कुठे आहे?

जपानमध्ये टोकियोजवळ वाको इथल्या रिकेन संस्थेत जगातला सगळ्यात ताकदवान सायक्लोट्रॉन आहे. नुसत्या त्या वलयाचं वजन ८३०० टन. अमेरिकेत मिशिगन स्टेट विद्यापीठात २०२२ मध्ये फ्रिब हे केंद्र सुरू झालं, खर्च ७३ कोटी डॉलर. कॅनडात व्हँकुव्हरला ट्रायम्फ, फ्रान्समध्ये कां शहरात गनिल. जर्मनीत डार्मस्टाट इथे फेअर हे केंद्र उभं राहत असून भारत त्याच्या संस्थापक भागीदारांपैकी आहे.

या यादीत एक गोष्ट सारखी दिसते. यातलं बरंचसं कुठल्या ना कुठल्या जुन्या यंत्राच्या अंगणात वाढलेलं आहे. म्हणजे या तंत्रज्ञानात उडी मारता येत नाही. पायऱ्या चढाव्या लागतात.

भारत कुठे आहे?

पहिली पायरी मुंबई. कुलाब्याला टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या आवारात भाभा अणुसंशोधन केंद्राच्या सहकार्याने उभारलेला पेलेट्रॉन १९८८ च्या अखेरीस सुरू झाला. उंच मनोऱ्यात उभं असलेलं हे यंत्र. वरून ऋणभारित आयन सोडायचे, मध्यभागी सुमारे १ कोटी ४० लाख व्होल्टपर्यंतचा धन दाब त्यांना खेचतो, तिथे पातळ पापुद्र्यातून जाताना त्यांचे इलेक्ट्रॉन खरवडले जातात, ते धनभारित होतात, आणि मग तोच दाब त्यांना खाली ढकलतो. एकाच विजेचा दोनदा वापर. पुढे २००७ मध्ये त्याला अतिवाहक कणत्वरकाची जोड पूर्ण झाली, ज्यातल्या पोकळ्या द्रव हेलियमने उणे २६९ अंशांच्या आसपास थंड ठेवतात.

मुंबईचं हे यंत्र टिकाऊ आयनांसाठी आहे. किरणोत्सारी झोताचे प्रयोग करायचे तर बाहेर जावं लागतं. भारतीय शास्त्रज्ञ फ्रान्सच्या गनिलमध्ये हेलियम-८ या केंद्रकावर झालेल्या गाजलेल्या प्रयोगांमध्ये सहभागी होते. हेलियम-८ चं अर्धायुष्य सेकंदाच्या आठव्या भागाएवढं. ते डब्यात भरून मुंबईला आणता येत नाही. माणसानेच तिकडे जायचं, तिथल्या वेळापत्रकात मिळतील ते काही दिवस घ्यायचे आणि आकडेवारी घेऊन परत यायचं.

दुसरी पायरी दिल्ली. तिथल्या आंतरविद्यापीठ त्वरक केंद्रात बेरिलियम-७ चा झोत मिळवण्यात आला. यात युक्ती होती. हायड्रोजन असलेल्या लक्ष्यावर लिथियम-७ चा झोत सोडला की बेरिलियम-७ तयार होऊन त्याच दिशेने पुढे निघतं. ‘हिरा’ नावाचा विभाजक त्याला मूळ झोतापासून वेगळं करतो. बेरिलियम-७ महत्त्वाचं का? सूर्याच्या गाभ्यातून येणारे काही न्यूट्रिनो ज्या साखळीतून निघतात, तिच्यातलं ते एक दुवा आहे.

तिसरी पायरी कोलकाता. तिथल्या व्हेरिएबल एनर्जी सायक्लोट्रॉन सेंटरमध्ये, म्हणजे व्हीईसीसीत, १९७७ मध्ये सुरू झालेला देशी बनावटीचा सायक्लोट्रॉन आहे. त्याच्या जोडीला तिथल्या गटाने पूर्ण साखळी उभारली. सायक्लोट्रॉनच्या माऱ्याने केंद्रकं बनवायची, वायूच्या धारेवरून ती आयनकक्षात न्यायची, चुंबकाने निवडायची आणि रेषीय कणत्वरकांतून पुढे पळवायची. या मार्गाने ऑक्सिजन-१४ चा झोत मिळाला, ज्याचं अर्धायुष्य ७१ सेकंद आहे. शिवाय पोटॅशियम-४२, पोटॅशियम-४३ आणि आर्गॉन-४१. झोत क्षीण होते, पण साखळीतली प्रत्येक कडी देशात जुळवता येते हे त्यातून दिसलं.

‘अनुरिब’ काय आहे, आणि अडतं कुठे?

पुढची पायरी म्हणजे अनुरिब. पूर्ण नावाचा अर्थ, अस्थिर आणि दुर्मीळ आयनांच्या झोतांसाठीची प्रगत राष्ट्रीय सुविधा. हे केंद्र व्हीईसीसीच्या कोलकात्याजवळ राजारहाट इथल्या नव्या परिसरासाठी आखलेलं आहे.

त्याच्या केंद्रस्थानी एक अतिवाहक इलेक्ट्रॉन कणत्वरक आहे. इलेक्ट्रॉन वेगाने धातूवर आपटले की तीव्र गॅमा किरण निघतात. हे किरण युरेनियमवर पडले की ते फुटतं, आणि न्यूट्रॉनने भरलेले तुकडे मिळतात. अणुभट्टी न चालवता विखंडनाचा माल मिळवण्याचा हा मार्ग. यासाठी व्हीईसीसीने कॅनडाच्या ट्रायम्फसोबत संयुक्त विकास केला, कारण ट्रायम्फलाही अशाच यंत्राची गरज होती.

हे नाव चर्चेत येऊन एक तपाहून जास्त काळ झाला. काम एवढं लांबतं याची कारणं तांत्रिक आहेत. अतिवाहक पोकळ्या शुद्ध नायोबियमच्या असतात आणि त्या उणे २७१ अंशांवर चालवायच्या. आतल्या पृष्ठभागावर धुळीचा कण राहिला तरी ताकद घसरते. लक्ष्य एकाच वेळी २००० अंशांवर तापलेलं आणि प्रचंड किरणोत्सारी. ते खराब झालं तर माणूस हात लावू शकत नाही, जाड भिंतीआडून यंत्रमानवाने बदलावं लागतं. आणि हे सगळं मिळून जो झोत येतो, त्यात हवी ती केंद्रकं कधी सेकंदाला काही हजार, तर कधी दिवसाला हातावर मोजण्याइतकी.

मी स्वतः इंजिनिअरिंग केलं आहे. ही यादी वाचताना जाणवतं की यातले बहुतेक प्रश्न पंप, व्हॉल्व्ह, निर्वात, थंडावा, वेल्डिंग आणि कंट्रोल सिस्टीमचे आहेत. अणूचं भौतिकशास्त्र त्यांच्यानंतर सुरू होतं.

धोका किती?

‘किरणोत्सारी’ शब्द आला की हा प्रश्न येणारच, आणि तो विचारायलाच हवा.

असं केंद्र अणुभट्टी नसतं. यात स्वतःहून चालू राहणारी साखळी प्रक्रिया नाही. वीज बंद केली की मारा थांबतो, मारा थांबला की नवी केंद्रकं बनणं थांबतं. झोतातल्या किरणोत्सारी आयनांचं एकूण वस्तुमान इतकं कमी असतं की ते साध्या तराजूवर दिसणारच नाही.

मात्र लक्ष्य आणि त्याच्या आसपासचे भाग यंत्र बंद झाल्यावरही बराच काळ किरणोत्सारी राहतात. जाड काँक्रीट, वायू गाळणारी यंत्रणा आणि वापरलेली लक्ष्यं सुरक्षित ठेवण्याची सोय यांवर खर्चाचा मोठा भाग जातो. परवानगी आणि तपासणी अणुऊर्जा नियामक मंडळाकडे असते.

मग नंदुरबारच्या माणसाशी याचा संबंध काय?

असं यंत्र नंदुरबारला होणार नाही, तसा कुठलाही प्रस्ताव नाही. संबंध आहे तो अर्धायुष्याचा. जितक्या वेळात अणू निम्मे उरतात, तो काळ म्हणजे अर्धायुष्य. हा आकडा कुणाला बदलता येत नाही. पैशाने नाही, तापमानाने नाही, सरकारी आदेशाने तर नाहीच. ही यादी पाहा.

• लिथियम-११ : सुमारे ९ मिलिसेकंद
• ऑक्सिजन-१४ : ७१ सेकंद
• फ्लोरिन-१८ : ११० मिनिटं
• टेक्नेशियम-९९एम : ६ तास
• आयोडीन-१३१ : ८ दिवस
• कोबाल्ट-६० : ५.२७ वर्षं

सगळ्यात खालचा कोबाल्ट ट्रकमधून देशभर फिरू शकतो. लासलगावच्या ‘कृषक’ केंद्रात कांद्याला मोड येऊ नयेत म्हणून आणि आंबा निर्यातीसाठी तोच वापरतात. आयोडीन-१३१ थायरॉइडच्या उपचारासाठी कुरिअरने दूरच्या रुग्णालयात पोहोचतं.

टेक्नेशियमसाठी युक्ती केली जाते. त्याचा जनक मॉलिब्डेनम-९९ सुमारे ६६ तासांच्या अर्धायुष्याचा. तो शिशाच्या भांड्यात भरून रुग्णालयाला पाठवतात, आणि त्यातून तयार होत राहणारं टेक्नेशियम तिथेच काढून घेतात. या भांड्याला या क्षेत्रातले लोक गमतीने ‘गाय’ म्हणतात, आणि रोज सकाळी तिची ‘धार’ काढतात.

कोड्यात पाडतं ते फ्लोरिन-१८. कर्करोग शरीरात किती पसरलाय हे पाहण्यासाठी पेट स्कॅन करतात, त्यासाठी ते लागतं. ते लहान सायक्लोट्रॉनमध्ये बनतं. देशातला पहिला वैद्यकीय सायक्लोट्रॉन २००२ मध्ये मुंबईत परळला सुरू झाला. समजा मुंबईत १०० भाग औषध बनवलं आणि ते रस्त्याने नंदुरबारला आणायला आठ तास लागले. आठ तास म्हणजे चार अर्धायुष्यांहून जास्त. इथे पोहोचेपर्यंत १०० पैकी जेमतेम ५ भाग उरतील. म्हणून पेट स्कॅनची सोय सायक्लोट्रॉनपासून काही तासांच्या टप्प्यातच असते. धडगावच्या रुग्णाला डॉक्टरांनी ती तपासणी लिहून दिली, तर चांदसैलीचा घाट उतरून, गाडी बदलत मोठ्या शहराकडे त्यालाच जावं लागतं. औषध त्याच्याकडे येऊ शकत नाही.

गनिलला जाणारा मुंबईचा शास्त्रज्ञ आणि घाट उतरणारा रुग्ण, दोघांची अडचण एकाच नियमातून आलेली आहे. जे लवकर विरतं, त्याच्या जवळ यंत्र हवं. दुसऱ्याच्या यंत्रावर मिळेल तेवढ्या वेळात शोध लागतात, पण ते यंत्र कसं बांधायचं, लक्ष्य कसं टिकवायचं, सायक्लोट्रॉन कसा दुरुस्त करायचा, हे शिकता येत नाही. अनुरिबसारखं केंद्र देशात असण्याचा खरा फायदा इथे आहे. त्यातून तयार होणारी माणसं उद्या जिल्ह्यांच्या जवळ छोटे वैद्यकीय सायक्लोट्रॉन उभे करतील आणि चालवतीलही.

विद्यार्थ्यांनी काय करायचं?

नंदुरबार जिल्ह्यातली महाविद्यालयं जळगावच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाशी जोडलेली आहेत. दिल्लीचं आंतरविद्यापीठ त्वरक केंद्र मुळात देशभरातल्या विद्यापीठांसाठीच उभारलेलं आहे. विद्यापीठातले प्राध्यापक आणि संशोधक विद्यार्थी प्रयोगाचा प्रस्ताव देऊन तिथे झोताची वेळ मागू शकतात. प्रस्ताव तज्ज्ञांच्या समितीसमोर जातो, आणि मंजूर झाला तर वेळ मिळते.

बी.एस्सी. भौतिकशास्त्रानंतर एम.एस्सी. करून पीएच.डी.साठी नेट किंवा जेस्ट परीक्षेतून जाता येतं. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांसाठी भाभा अणुसंशोधन केंद्राची प्रशिक्षण शाळा आहे. मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल, इलेक्ट्रॉनिक्स, केमिकल अशा शाखांचे पदवीधर तिथे घेतले जातात आणि प्रशिक्षणाच्या काळात विद्यावेतन मिळतं. अर्जांची जाहिरात दरवर्षी निघते, तिच्यावर लक्ष ठेवा.

भोंगऱ्या बाजार पुढच्या होळीला पुन्हा भरेल आणि तीच कडी पुन्हा पायात दिसतील. त्यांतली चांदी नेमकी कुठल्या वाटेने बनली, याचं निम्मं उत्तर हिंगोलीतून येईल अशी आशा आहे. उरलेलं निम्मं राजारहाटचं काम किती लवकर पुढे सरकतं, यावर ठरेल.